स्थूलपणावरील शस्त्रक्रियेनंतर : गावी परतलेल्या रुग्णाची निगा

घरणी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यातील शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्यातील एक लहान, शेतीप्रधान तालुका. सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी ही येथील पिके. अशा तालुक्यात आरोग्याचा विषय निघाला म्हणजे बालकांचे कुपोषण, स्त्रियांमधील रक्तक्षय आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई यांचीच चर्चा प्रथम होते आणि ती योग्यही आहे. परंतु गेल्या काही वर्षांत याच्या उलट टोकाचा एक प्रश्न ग्रामीण महाराष्ट्राच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २५ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. त्याच पाहणीत राज्यातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. वजन जास्त आणि रक्त कमी, अशी एकाच शरीराची दुहेरी अवस्था आता अपवादात्मक राहिलेली नाही.

अतिस्थूल व्यक्तीचे वजन आहार, व्यायाम आणि औषधे यांनी पुरेसे उतरले नाही, तर जठराचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. तिला बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया असे नाव आहे. ती मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या मोठ्या शहरांत होते. पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ती पार पडते आणि रुग्ण काही दिवसांतच घरी परततो. येथपर्यंतची हकीगत सर्वांना ठाऊक असते. पुढची हकीगत मात्र गावात घडते. शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक शेकडो किलोमीटर दूर असतात आणि रुग्णाला उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली किंवा पोटात कळ उठली, तर तो प्रथम गावातील डॉक्टरांकडे, उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. अशा वेळी जवळच्या माणसांना काय ठाऊक आहे, यावर पुष्कळदा सारे अवलंबून राहते.

या शस्त्रक्रियेविषयी दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक मत ती जादू आहे असे मानते आणि दुसरे ती जिवावर बेतणारी आहे असे सांगते. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील इमान अहमद या सुमारे पाचशे किलो वजनाच्या महिलेला उपचारांसाठी मुंबईत आणण्यात आले, तेव्हा ही दोन्ही मते वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे त्यांचे निधन झाले. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार ही त्याची कारणे सांगण्यात आली. एका असाधारण रुग्णावरून सर्वसाधारण नियम काढणे उचित नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २००० स्थूल व्यक्तींची तितक्याच शस्त्रक्रिया न झालेल्या व्यक्तींशी तुलना करण्यात आली. सरासरी अकरा वर्षांच्या निरीक्षणानंतर, २००७ मध्ये, शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे प्रसिद्ध झाले. योग्य व्यक्तीवर, योग्य ठिकाणी केलेली ही शस्त्रक्रिया आयुष्य वाढविणारी आहे. मात्र तिच्यानंतर शरीराचे जुने नियम बदलतात आणि नव्या नियमांची माहिती नसली म्हणजे अडचणी उद्भवतात.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

आज दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. भूक चेतविणारे एक संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते. म्हणून पोट लवकर भरते आणि भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे गॅस्ट्रिक बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. त्यापूर्वी, १९५४ च्या सुमारास, लहान आतड्याचा बहुतेक भागच टाळण्याची शस्त्रक्रिया होत असे. तिच्यामुळे यकृत निकामी होणे, मूतखडे होणे असे गंभीर परिणाम दिसू लागल्याने ती पुढे सोडून द्यावी लागली. शरीर अन्न घेईनासे केले म्हणजे वजन घटते, पण त्याबरोबर आणखी काय काय घटते याचा हिशेब ठेवावा लागतो, हा धडा वैद्यकशास्त्राने त्या वेळी घेतला.

शस्त्रक्रिया कोणासाठी, हेही येथे सांगणे इष्ट होईल. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला शरीरवस्तुमान निर्देशांक म्हणतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९६ किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक ३७.५ येतो. भारतीयांच्या शरीरात कमी वजनातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे ध्यानात घेऊन २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ३७.५ च्या वर, अथवा मधुमेहासारखे विकार असल्यास ३२.५ च्या वर, शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचविले. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र ४० आणि, गंभीर सहव्याधी असल्यास, ३५ हे आकडे आहेत. त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र असलेला रुग्ण विमा कंपनीच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. कर्ज काढून शस्त्रक्रिया करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने हा फरक आधीच तपासून पाहावा. पुढील अनेक वर्षांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्यांचा खर्चही त्याच वेळी विचारात घेतला पाहिजे. तो सहसा कोणी मोजत नाही.

पहिला महिना

पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठा धोका असतो तो शिवण उसवून जठरातील द्रव पोटात पाझरण्याचा. स्थूल शरीरात याची लक्षणे फसवी असतात. पोट हाताला मऊच लागते आणि तापही बेताचाच असतो, पण नाडी मात्र जलद चालते. विश्रांतीच्या अवस्थेत नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणे, धाप लागणे, डाव्या खांद्यात वेदना होणे, यांपैकी काहीही आढळले तर ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून रात्र काढू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा संभवही याच काळात असतो. एकच पोटरी सुजणे आणि दुखणे ही त्याची पूर्वसूचना होय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. अशा रुग्णाला थेट लातूर किंवा नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलविणेच श्रेयस्कर ठरते.

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बायपासनंतर वजन उतरण्याच्या आधीच, अवघ्या काही दिवसांत, रक्तातील साखर उतरू लागते. रुग्ण मात्र जुन्या चिठ्ठीप्रमाणे इन्शुलिन किंवा गोळ्या घेत राहतो. मग एके दिवशी सकाळी घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि शुद्ध हरपते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर जुनी चिठ्ठी रद्द झाली असे समजून डॉक्टरांकडून सर्व मात्रा नव्याने ठरवून घ्याव्यात.

बळदातील धान्य

यापुढील विकार हळूहळू येतात. त्यांचा क्रम समजण्यासाठी शेतकऱ्याच्या घरातील बळदाची उपमा सोयीची ठरेल. आवक थांबली तरी बळदात साठा असेतो घराला उपासमार जाणवत नाही. शरीरातही निरनिराळ्या जीवनसत्त्वांची निरनिराळी बळदे आहेत आणि ती एकाच वेळी रिकामी होत नाहीत.

सर्वांत लहान बळद जीवनसत्त्व ब-१ चे, म्हणजे थायमिनचे. त्याचा साठा जेमतेम दोन ते तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णाला वारंवार उलट्या होतात, त्याचा हा साठा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच संपू शकतो. मग चालताना तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळ्यांची बुबुळे थरथरतात आणि बोलणे असंबद्ध होते. हा मेंदूचा विकार आहे. वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाते किंवा मृत्यूही ओढवतो. खेड्यात या लक्षणांचे तीन अर्थ लावले जातात : अशक्तपणा आला, माणूस दारू प्याला किंवा बाहेरची बाधा झाली. पहिल्या अर्थाचा परिणाम सर्वांत घातक ठरू शकतो, कारण अशक्तपणावरचा गावातील सर्वमान्य उपाय म्हणजे ग्लुकोजचे सलाईन. ग्लुकोज पचविण्यासाठी शरीराला थायमिनच लागते. थायमिन संपलेल्या रुग्णाला नुसते ग्लुकोज दिले, तर उरलासुरला साठाही खर्ची पडतो आणि स्थिती एकाएकी बिघडते. म्हणून शस्त्रक्रिया झालेला, उलट्या होत असलेला रुग्ण आला की आधी थायमिनचे इंजेक्शन आणि मग ग्लुकोज, हा क्रम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाळावयाचा असतो. थायमिन हे महाग औषध नाही. ते देण्यासाठी रक्ताच्या अहवालाची वाट पाहण्याचेही कारण नाही. दोन-तीन दिवसांहून अधिक काळ उलट्या होत राहणे ही ‘शस्त्रक्रियेनंतर चालायचेच’ अशी बाब नव्हे, एवढे जरी घरातील माणसांनी ध्यानात ठेवले तरी हा प्रसंग टळू शकतो.

दुसरे बळद लोहाचे. लोहाचे शोषण मुख्यतः आतड्याच्या आरंभीच्या भागात होते आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळला जातो. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना आधीच रक्तक्षय आहे, तेथे हे बळद मुळातच अर्धे रिकामे असते. काही महिन्यांतच धाप लागणे, चेहरा फिका पडणे, नखे ठिसूळ होणे असे परिणाम दिसू लागतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. ती आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा एक दुसरीचे शोषण अडविते. गोळ्यांनी रक्त वाढत नसेल तर शिरेतून लोह द्यावे लागते.

तिसरे बळद जीवनसत्त्व ब-१२ चे. ते मोठे आहे. यकृतातील साठा दोन-तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ पुरतो, आणि म्हणूनच ते फसवे आहे. वर्ष-दीड वर्ष सर्व काही ठीक चालल्यामुळे रुग्ण गोळ्या सोडतो आणि त्यानंतर पायांना मुंग्या येऊ लागतात, तळव्यांना जमीन कळेनाशी होते. हा परिणाम शस्त्रक्रियेचा असेल असे तेव्हा कोणाच्याही मनात येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण कमी आढळले होते. ही माणसे शस्त्रक्रिया झालेली नव्हती. शाकाहारी महाराष्ट्रीय माणसाचे हे बळद शस्त्रक्रियेपूर्वीच तपासून भरून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

हाडांतील कॅल्शियमचे बळद सर्वांत शेवटी रिते होते. त्याला वर्षानुवर्षे लागतात, आणि मग साध्या पडण्याने मांडीचे हाड मोडते. आम्लरस कमी झालेल्या पोटात कॅल्शियम सायट्रेट हे कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा अधिक चांगले शोषले जाते.

ताटातील आणि पाण्यातील बदल

शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि एका वेळी मावते अर्धी-पाऊण वाटी. प्रथिने कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झडतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. (ते बहुधा पुन्हा येतात. मात्र या काळात स्त्रिया फार धास्तावतात.) हा हिशेब मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात बसविणे अवघड नाही. दोन अंड्यांतून १२, चारशे मिलिलिटर दुधातून १३, साठ ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणातून १३, तीस ग्रॅम सोयाबीन वडीतून १५ आणि ज्वारीच्या एका लहान भाकरीतून ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बेरीज साठीच्या जवळ पोहोचते. मात्र ती पाच-सहा वेळांत विभागून, घास नीट चावून घ्यावी लागते. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. सोयाबीन पिकविणाऱ्या घरात ते ताटात क्वचितच दिसते, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

पाण्याचा नियम वेगळा आहे. जेवणाबरोबर पाणी प्यायचे नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करून दिवसभर घोट-घोट घेत राहावयाचे. एका दमात तांब्याभर पाणी पिण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला हे शिकावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या जिल्ह्यात उन्हाळ्यातील शुष्कता ही काही काल्पनिक आपत्ती नव्हे. पाणी कमी पडले म्हणजे बायपास झालेल्या रुग्णाला मूतखड्याचा त्रास लवकर होतो. शेतावर किंवा रोजगार हमीच्या कामावर जाताना त्याच्याजवळ पाण्याची बाटली असलीच पाहिजे.

गोड पदार्थांची गोष्ट निराळी आहे. बायपासनंतर गूळ-साखरेचा पदार्थ लहान पिशवीतून झपाट्याने आतड्यात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात मुरडा होतो आणि जुलाब होतात. काही जणांना दोन-तीन तासांनी साखर एकदम उतरून चक्करही येते. जिल्ह्यात मोठ्या उत्साहाने साजरी होणारी वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डाळी-शेंगा आणि पालेभाज्यांची भज्जी अशा रुग्णाला मानवते. आंबील जेवणाबरोबर न घेता मागाहून घोटाघोटाने घ्यावी. गुळातली गव्हाची खीर मात्र चमचाभरच. शेतात पंगत बसली असता ‘आणखी थोडे घ्या’ हा आग्रह आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग मानला जातो. अशा माणसाला तो आग्रह करू नये आणि त्याने नको म्हटले तर रुसू नये. कडक उपवासाचेही तसेच. दिवसभर निर्जळ राहणे किंवा साबुदाण्यावर दिवस काढणे त्याला झेपणारे नाही.

दुखणे, गोळी आणि तंबाखू

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी किंवा कमरेत घेतलेले इंजेक्शन ही खेड्यातील नित्याची बाब आहे. बायपास झालेल्या रुग्णाच्या बाबतीत डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या औषधांनी नव्या जोडाच्या ठिकाणी व्रण होतो. तो फुटल्यास पोटात रक्तस्राव होतो. इंजेक्शन पोटातून जात नाही म्हणून ते निर्धोक, हा समज चुकीचा आहे. पॅरासिटामॉल चालते. बिडी-सिगारेट आणि तंबाखूही याच व्रणाला आमंत्रण देतात. मद्याची मात्रा पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर चढते, आणि काही जणांमध्ये अन्नाची जागा मद्य घेते, असेही आढळून आले आहे.

झपाट्याने वजन उतरत असताना पित्ताशयात खडे होतात. ते टाळण्यासाठी पहिले सहा महिने औषध दिले जाते. उजव्या बरगडीखालची कळ आणि कावीळ यांकडे लक्ष ठेवावे. याहून गंभीर प्रकार म्हणजे बायपासनंतर, वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा, आतड्याचा वेढा पोटातील एखाद्या फटीत अडकणे. जेवणानंतर येणारी आणि जाणारी कळ हे त्याचे लक्षण. क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. म्हणून ‘फोटो चांगला आहे’ एवढ्यावर रुग्णाला घरी पाठविणे धोक्याचे ठरते.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. वजन उतरल्यावर अनियमित झालेली पाळी सुरळीत होते आणि वर्षानुवर्षे न राहिलेला गर्भ अनपेक्षितपणे राहतो. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा वैद्यकीय सल्ला आहे, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. तांबी हा अधिक खात्रीचा मार्ग होय. दिवस राहिल्यास आरोग्यसेविकेला आणि आशा कार्यकर्तीला शस्त्रक्रियेची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी. गरोदरपणात मधुमेह तपासण्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी केली जाते. बायपास झालेल्या स्त्रीला ती सोसत नाही. तिच्यासाठी काही दिवस जेवणापूर्वी आणि जेवणानंतर बोटातील रक्ताची साखर मोजणे हा पर्याय आहे.

मनाची बाजूही आहे. चेहरा उतरलेला पाहून चावडीवर, शाळेत, कार्यालयात ‘काय आजार लागला?’ अशी विचारपूस होते. शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे तर ‘पैसे देऊन बारीक झाला’ असे ऐकावे लागते. बरेच जण म्हणून ती लपवितात, डॉक्टरांपासूनसुद्धा. सैल पडलेल्या कातडीच्या घड्यांत उन्हाळ्यात चट्टे येतात. खाणे हाच ज्यांचा विरंगुळा होता, त्यांचा तो आधार जातो. काहींना नैराश्य येते आणि आत्महत्येचे विचारही येतात. दोन-तीन वर्षांनी काही किलो वजन पुन्हा वाढते, तेव्हा आपण हरलो असे वाटून रुग्ण तपासणीलाच जाणे सोडून देतो. वस्तुतः त्याच वेळी त्याने जावयास हवे.

तपासणीचे वेळापत्रक अवघड नाही. पहिल्या वर्षी साधारणतः दर तीन महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि यकृत व मूत्रपिंड यांच्या कार्याच्या तपासण्या कराव्या लागतात. प्रत्येक वेळी मोठ्या शहरात जाण्याचे कारण नाही. त्या लातूर येथे होऊ शकतात आणि अहवाल दूरध्वनीवरून शल्यचिकित्सकांना कळविता येतात. मात्र त्यासाठी रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद जपून ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेचा प्रकार कोणता, तारीख कोणती, कोणती औषधे वर्ज्य, हे त्यावर लिहिलेले असते. ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढ्या माहितीवर रात्रपाळीच्या डॉक्टरांना फारसे काही करता येत नाही. त्या कागदाची एक प्रत घरातील पेटीत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक रुग्णाच्या खिशात किंवा भ्रमणध्वनीत छायाचित्राच्या रूपाने असावी. रुग्ण शिक्षक किंवा कर्मचारी असल्यास सोबतच्या एखाद्या सहकाऱ्यालाही ती कोठे आहे हे सांगून ठेवावे.